डावीकडे भिंत

मेधा कारखानीस आयर्लंडला आली तोपर्यंत तिने कधी बारची पायरी चढलेली नव्हती. पेणला घरून बाजारात जाताना वाटेत एक परमिट रूम लागायची. ती जवळ आली की आई तिचा हात घट्ट धरायची आणि झपझप चालायला लागायची. पुढे मुंबईत मेडिकल झालं, भूलतज्ज्ञ म्हणून ठाण्यात नोकरी झाली, नंदकुमारशी लग्न झालं, अद्वय झाला. पण त्या काळ्या काचांमागे काय असतं हे पाहायची ना कधी वेळ आली, ना इच्छा झाली.

१९९९ साली नंदकुमारला डब्लिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. पुढच्याच वर्षी, इथल्या परीक्षा देऊन, मेधाला पोर्टलीशच्या हॉस्पिटलात जागा मिळाली. नंदकुमारचं ऑफिस सिटीवेस्टला होतं, म्हणजे रोजचा गाडीचा चांगलाच रपेटा. पण मेधाला अवेळी बोलावणं यायचं, तेव्हा घर हॉस्पिटलजवळच हवं, असं म्हणून त्यानेच पोर्टलीशला घर शोधलं. नंदकुमार असा होता. कुरकुर करायचा, पण ती नेहमी काम करून झाल्यावर.

गाव बरं होतं, माणसं बोलकी होती. रविवार मात्र खायला उठायचा. डब्लिनला मराठी मंडळी होती, गणपतीला आणि दिवाळीला सगळे जमायचे. पण मधले रविवार जाता जायचे नाहीत. बाहेर पाऊस, आत इस्त्री. अद्वय तेव्हा आठ वर्षांचा होता आणि झपाट्याने आयरिश होत चालला होता. त्याला मराठीत विचारलं, "कंटाळा आला का रे?" तर तो टीव्हीवरची नजर न हलवता म्हणायचा, "आय'म ग्रँड, मम."

हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होती ब्रीद. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मेधाला हसू आवरेना. आमच्याकडे ब्रीद म्हणजे माणूस ज्याला जन्मभर जागतो ते, असं तिने समजावून सांगितल्यावर ब्रीद म्हणाली की मग आईने नाव बरोबरच ठेवलं म्हणायचं. ही ब्रीद कॉन्सर्टिना वाजवायची. पेटीचं पिल्लू वाटावं असं, दोन हातांत मावणारं वाद्य. एका शनिवारी केस संपल्यावर मास्क काढता काढता तिने मेधाला विचारलं, उद्या दुपारी काय करणार आहेस? मेधा म्हणाली, इस्त्री. ब्रीद म्हणाली की ती सोमवारीही करता येते, आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता गाडी घेऊन दारात हजर झाली.

पब गावाबाहेर, एका वळणावर होता. दारातून आत जाताना मेधाने एकदा मागे वळून पाहिलं. ती आईला घाबरत होती, आणि आई तर कोकणात होती. आत पाहते तो काय, एका कोपऱ्यात शेकोटी, तिच्याशेजारी एक आजीबाई सूप पीत बसलेल्या, टेबलाखाली दोन मुलं कुत्र्याशी खेळतायत. धूर मात्र एवढा की डोळे चुरचुरावेत. ब्रीदने तिच्यासाठी गरम पाण्यातलं काळ्या मनुकांसारख्या फळाचं सरबत आणून ठेवलं आणि ती कॉन्सर्टिना काढून एका टेबलापाशी जाऊन बसली. तिथे आधीच चारपाच जण होते. कुणाकडे बासरी, कुणाकडे फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, एकाकडे खंजिरीच्या थोरल्या भावासारखी ढोलकी.

मेधाला कळेना की कार्यक्रम सुरू कधी होणार. मंच नव्हता. वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून बसलेले, म्हणजे निम्म्यांची श्रोत्यांकडे पाठ. मग एका म्हाताऱ्याने, काही न सांगता, फिडलवर एक धून धरली. दुसऱ्या आवर्तनाला बासरी आली, तिसऱ्याला ब्रीद. धून गोल गोल फिरत राहिली, एकीतून दुसरी निघाली, आणि मग अचानक, सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यासारखी, थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हाताऱ्याने ग्लास उचलला आणि बासरीवाल्याशी गाईच्या आजारपणाविषयी बोलायला लागला.

मेधा गात नव्हती, वाजवत नव्हती. तिला रागाची नावंही धड सांगता यायची नाहीत. पण त्या दुपारी ती सरबत गार होईपर्यंत हलली नाही. आपल्यासमोर कुणी कला सादर करत नाहीये, नुसतं जगता जगता वाजवतंय, आणि आपल्याला शेजारी बसू दिलंय, ही गोष्ट तिला इतकी आवडली की घरी आल्यावर नंदकुमारला ती नीट सांगताही येईना. नंदकुमारने तिची धुरकटलेली शाल हुंगली आणि विचारलं, "रविवारी दुपारी बारमध्ये?"

"सूप छान असतं तिथलं," मेधा म्हणाली.

त्यानंतर ती दर रविवारी जायला लागली. ड्युटी असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर तीन वाजता मेधा तिथे. फिडलवाला म्हातारा म्हणजे टॉम डिलेनी. जन्मभर शेती केलेला, बायको वारलेली, बोलणं मोजकं. तो तिला बरेच दिवस नुसती मान हलवून ओळख द्यायचा. एकदा दोन रविवार लागोपाठ ड्युटी आली, आणि तिसऱ्या रविवारी ती आत शिरताच तो म्हणाला, "तू नसलीस की आम्ही घाई करतो." एवढंच म्हणून त्याने फिडलच्या खुंट्या पिळायला घेतल्या. मेधाला आयुष्यात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या होत्या, परीक्षांच्या, कामाच्या. ऐकण्याबद्दल मिळालेली ही पहिलीच.

नंदकुमारही हळूहळू ओढला गेला. आधी तिला सोडायला, मग न्यायला, मग न्यायला जरा लवकर. त्याला संगीतात रस नव्हता, पण त्या टोस्ट केलेल्या सँडविचात होता आणि काउंटरवरच्या फुटबॉलच्या गप्पांतही. इथलं गावोगावचं गेलिक फुटबॉल त्याला क्रिकेटपेक्षा सोपं वाटायला लागलं. २००४ मध्ये पबमधल्या सिगारेटींवर सरकारने बंदी घातली तेव्हा शालीचा प्रश्नही मिटला.

२००५च्या वसंतात ब्रीदने जाहीर केलं की येत्या नोव्हेंबरात ती पन्नाशीची होतेय, आणि ती साजरी करायला तिला स्पेनमध्ये ग्रानादाला जायचंय. तिथे ग्लासभर काहीही मागवलं तरी सोबत खाण्याची बशी फुकट येते, आणि गल्लीगल्लीत गाणं असतं, असं तिने ऐकलं होतं. ब्रीद, तिची बहीण नोरा आणि मेधा, तिघींनीच जायचं ठरलं. विमानाची तिकिटं काढली. नंदकुमार म्हणाला की आठवडाभर अद्वयला मी सांभाळतो, म्हणजे खरं तर तोच मला सांभाळेल.

आणि सप्टेंबरात एका सकाळी मेधा उठली ती डाव्या कानात शिट्टी न होता नुसताच घुमणारा कुकर घेऊन. आधी तिला वाटलं कानात पाणी गेलंय. मग फोन वाजला, तिने सवयीने डाव्या कानाला लावला आणि पलीकडे कुणीच नव्हतं. उजव्या कानाला लावला तर नंदकुमार मघापासून हॅलो हॅलो करत होता.

ती स्वतः डॉक्टर होती, त्यामुळे वेळ न घालवता डब्लिनला कानाच्या तज्ज्ञांकडे गेली. त्यांनी तपासलं, स्टेरॉइड दिली, थांबायला सांगितलं. असं कधी कधी होतं, एका कानाची नस अचानक जाते, कुणाची परत येते, कुणाची नाही. का ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. मेधाची आली नाही. उजवा कान मात्र ठणठणीत होता.

एक कान म्हणजे निम्मं ऐकू येणं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ऐकू येतं, पण कुठून येतंय ते कळत नाही. अद्वयने "मम" म्हणून हाक मारली की ती वर जायची आणि तो खाली स्वयंपाकघरात असायचा. कामावर तिने जागा बदलून घेतली. सर्जन तिच्या उजवीकडे येईल असं टेबल लावलं, मॉनिटरचा ठोका तर तिला झोपेतही ओळखू आला असता. महिन्याभरात काम सुरळीत झालं. सुरळीत झालं नाही ते एवढंच की रविवारी पबमध्ये गेल्यावर सगळं एकमेकांत कालवून तिच्यावर ओतल्यासारखं झालं. फिडल, बशा, हसणं, कुत्र्याचं भुंकणं, सगळ्याचा एकच लगदा. त्यातून टॉमची धून वेगळी काढता येईना. ती दहा मिनिटांत उठली, डोकं दुखतंय म्हणाली. पुढच्या रविवारी गेलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग तिने ब्रीदला सांगितलं की ग्रानादाला तुम्ही दोघी जा. पैसे गेले तर गेले. गाणं ऐकायला जायचं आणि मी कान धरून बसायचं, त्यात तुमचाही विचका होईल. ब्रीद थोर बाई. तिने एका शब्दाने वाद घातला नाही. फक्त "बरं" म्हणाली आणि निघून गेली.

दोन दिवसांनी दारावरची घंटा वाजली. दारात टॉम डिलेनी, एका हातात घरच्या कोंबड्यांची अंडी. इतक्या वर्षांत तो कधी त्यांच्या घरी आला नव्हता. नंदकुमारने त्याला आत घेतलं, चहा केला. टॉमने आलं घातलेला चहा तोंड वाकडं न करता प्यायला, हवामानाविषयी बोलला, अंड्यांविषयी बोलला. मग मेधाला म्हणाला, "मी कुठे बसतो ते तू कधी पाहिलंस का?"

शेकोटीशेजारच्या कोपऱ्यात, मेधा म्हणाली. तो कोपरा तर सगळ्यांना ठाऊक होता. तिथे दुसरं कुणी बसायचं नाही.

"माझ्या डावीकडे काय असतं?"

मेधाने आठवून पाहिलं. "भिंत."

टॉमने आपल्या डाव्या कानावर बोटाने टिचकी मारली. "हा गेला त्याला जमाना झाला. फिडल याच कानाखाली असते ना. जन्मभर इथेच केकाटत राहिली. हळूहळू गेला, तुझ्यासारखा एका रात्रीत नाही, एवढाच फरक." बायको सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, असंही तो म्हणाला. मेलेला कान भिंतीकडे करायचा, जिवंत कान माणसांकडे. भिंतीकडून काही येत नाही, त्यामुळे गोंधळ निम्मा होतो. मग एकच वाद्य धरायचं, आणि त्याच्या मागे मागे जायचं. पहिले काही महिने डोकं फुटेल. मग कान शिकतो.

"कान म्हातारा असला तरी शिकतो," तो म्हणाला. "तुझा तर अजून तरणा आहे. स्पेनला जा. आणि रविवारी माझा कोपरा माग, मी दुसरीकडे बसेन." नाही, तुम्ही दुसरीकडे कसे बसणार, तुम्हालाही भिंत लागतेच की, असं मेधा म्हणाल्यावर टॉमने जरा विचार केला आणि कबूल केलं की पबवाल्याला आणखी एक कोपरा काढायला सांगावं लागेल. तो गेल्यावर मेधा बराच वेळ ओट्यापाशी उभी राहून रडली. नंदकुमारने माळ्यावरून बॅग काढून आणली आणि तिच्यावरची धूळ पुसायला घेतली.

ग्रानादाला उतरल्या तेव्हा ऊन होतं आणि शहरामागच्या डोंगरांवर बर्फ. एका चढावरच्या गल्लीत पिलार नावाच्या बाईंचं छोटंसं लॉज होतं. पिलार काही वर्षं लंडनला राहिलेली होती, इंग्रजी फडाफडा बोलायची आणि भाडेकरूंच्या खाण्यापिण्यात लक्ष घालायची.

पहिल्याच दुपारी त्या एका बारमध्ये गेल्या आणि मेधाचं अवसान गळालं. खाली फरशी, भिंतींना फरशी, स्टीलचा काउंटर. कॉफीचं मशीन फुत्कारतंय, टीव्ही चालूय, पंचवीस माणसं उभ्याने एकाच वेळी बोलतायत आणि सगळीकडे सिगारेटी. कान शिकतो म्हणे. इथे तर दोन्ही कानवाल्यालाही काही कळलं नसतं. तिने द्राक्षाचा गोड रस मागवला, दारू नसलेला, आणि खरंच त्याच्याबरोबर एक बशी आली. बशीत बोटभर लांबीचे तळलेले मासे. मेधाने एक तोंडात टाकला. काट्यासकट कुरकुरीत. थेट मांदेली. पेणला आई तळायची तशी, फक्त हळदतिखट नाही. तिने दुसरा रस मागवला तर दुसरी बशी आली.

पोट भरलं, पण मन नाही. ब्रीद आणि नोरा काहीतरी बोलून हसत होत्या, आणि तिला त्यांचे नुसते ओठ दिसत होते. दर वाक्याला "काय म्हणालीस?" असं तरी किती वेळा विचारायचं. दमले असं सांगून ती लॉजवर परत आली. आपण लोढणं झालोय, असं वाटून तिला त्या संध्याकाळी जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं की ब्रीदची चालायची पद्धत बदललीय. बार आला की मेधाला नोराबरोबर रस्त्यात उभं करायचं आणि आधी आपण एकटीने आत शिरायचं. आत एक चक्कर मारायची. बाहेर येऊन कधी मान हलवायची, पुढे चला, कधी म्हणायची, "ग्रँड." आत गेल्यावर मेधाला कळलं. डाव्या हाताला भिंत येईल अशी खुर्ची ब्रीदने हेरून ठेवलेली असायची. पिलारकडून त्या दोघी बहिणींनी तेवढं स्पॅनिश पाठ करून घेतलं होतं. खुर्ची. डावीकडे. भिंत. बाकी काही नाही. काउंटरवरच्या माणसांना ही तीन शब्दांची मागणी आधी चक्रम वाटायची, मग नोरा मेधाच्या कानाकडे बोट दाखवायची, आणि मग तो माणूस स्वतः स्टूल उचलून लावून द्यायचा. एका ठिकाणी तर त्याने पिंप सरकवून जागा केली. पन्नाशी ब्रीदची, सहल ब्रीदची, आणि ती गावभर भिंती शोधत फिरत होती. मेधाने तिला तसं म्हटल्यावर ब्रीद म्हणाली की ऑपरेशनच्या आधी सगळं जागच्या जागी आहे ना हे पाहणं हे माझं कामच आहे, तू झोपव आपली.

आणि ग्रानादा उघडायला लागलं. नदीकाठच्या एका कॅफेत दुपारी एक मुलगी पियानो वाजवायची आणि तिच्याबरोबर एक काका डबल बास. मेधाने टॉमचं ऐकून बास धरला. तो जाडाभरडा आवाज टेबलाच्या लाकडातून कोपरापर्यंत यायचा, त्याच्या मागे मागे गेलं की वरचा पियानो आपोआप वेगळा होऊन समोर यायचा. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा तिने नोराचा हात इतका जोरात दाबला की नोरा कळवळली. मग एका बोळातल्या बारमध्ये दोन भाऊ गिटार वाजवत होते, तिथे भेंड्याएवढ्या हिरव्या मिरच्या तळून आल्या, तिखट नसलेल्या, वर मीठ. एका चहाच्या दुकानात पुदिन्याचा चहा आणि सतारीची आठवण करून देणारं काहीतरी वाद्य. तिघी उभ्या राहायच्या, बसायच्या, खायच्या, पुढे निघायच्या. मेधाचं डोकं दुखायचं. टॉमने सांगितलं होतं तितकंच, जास्त नाही.

शुक्रवारी संध्याकाळी एका क्लबात विद्यापीठाच्या पोरांचा बँड होता. मेधा नको म्हणत होती. नोराने ओढून नेलं. आत ड्रमचा असा दणका की छातीचा पिंजरा हलावा. मेधाने इकडेतिकडे पाहिलं, आणि तिला जाम हसू आलं. विशीतली दीडशे पोरंपोरी, एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडतायत, हातवारे करतायत, "काय? काय?" करतायत. इथे सगळेच बहिरे. तिच्यात आणि त्यांच्यात काडीचा फरक नव्हता. ठोका तेवढा तळपायांपासून येत होता, आणि तो ऐकायला कान लागतच नव्हते. मेधा कारखानीस, वय चव्वेचाळीस, गणपतीच्या मिरवणुकीत कडेकडेने चालणारी बाई, त्या गर्दीत शिरली आणि नाचली. नोराबरोबर, ब्रीदबरोबर, मग केसांचा तुरा केलेल्या एका पोराबरोबर. बाहेर आल्यावर थंडीत तिच्या अंगातून वाफा निघत होत्या.

रविवारी शेवटचा दिवस. पिलार म्हणाली की आज दुपारी वरच्या वस्तीत, गाणं आवडणाऱ्या माणसांच्या क्लबात, एन्कार्ना गाणार आहे. मीही जातेय, चला. पर्यटकांसाठीचा नाही तो, सभासदांचा. तिथे एकच नियम. गाणं चालू असताना बोलायचं नाही. चमचाही वाजता कामा नये.

चुन्याने रंगवलेली लांबट खोली, वेताच्या खुर्च्या, टोकाला वीतभर उंचीचं लाकडी व्यासपीठ. ब्रीदने सवयीने भिंत हेरली. एन्कार्ना साठीच्या घरातली, जाडसर, अंगावर काळा स्वेटर, हातात रुमाल. तिला सर्दी झाली होती आणि ती लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. शेजारी गिटारवाला. ती बसली, आणि खोली बंद झाल्यासारखी शांत झाली.

इतक्या दिवसांत मेधाला पहिल्यांदाच काही वेगळं काढावं लागलं नाही. लगदा नव्हताच. एक आवाज होता आणि एक गिटार. आवाज फाटका होता, वर जाताना चिरत होता, आणि एन्कार्ना तो चिरू देत होती. शब्द कळत नव्हते. कुणीतरी गेलेलं आहे आणि त्याच्याविना घरातली कामं चालूच आहेत, असं काहीसं मेधाला वाटलं. मधेच एखादा म्हातारा स्वतःशी पुटपुटावं तशी "ओले" अशी दाद द्यायचा. मग एका ओळीवर एन्कार्ना चढत चढत गेली, आता आवाज तुटणार असं वाटलं त्या जागी क्षणभर थांबली, आणि तिथून अलगद खाली उतरली.

"वा!" मेधा म्हणाली.

एका कानाच्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. तो वा खोलीभर घुमला. माना वळल्या. मेधाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एन्कार्नाने मात्र डोळे उघडून सरळ तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि तीच ओळ पुन्हा घेतली. या वेळी आणखी सावकाश.

मध्यंतरात ती रुमालाने नाक पुसत मेधाच्या खुर्चीपाशीच आली. मेधा माफी मागायला उठली, पण पिलार मधे पडून सांगायला लागली.

"ती विचारतेय, तू म्हणालीस त्याचा अर्थ काय?"

"अर्थ असा काही नाही," मेधा म्हणाली. "पोचलं, एवढंच."

हे ऐकून एन्कार्ना भराभर काहीतरी बोलली. पिलार हसायला लागली. "ती म्हणतेय, सर्दीने तिचे कान गच्च बसलेत. आज तिला तिचंच गाणं ऐकू येत नाहीये. भिंतीसमोर गातेय की माणसांसमोर, तेच कळत नव्हतं. दुसऱ्या भागातही सांगत राहा म्हणतेय. मोठ्याने सांग, हळू सांगितलंस तर तिला कळणार नाही."

मेधाने आपल्या डाव्या कानाला हात लावून मान हलवली, हाही बंद आहे. एन्कार्नाने तिच्या कानाकडे पाहिलं, स्वतःच्या दोन्ही कानांकडे बोट दाखवलं, आणि पिलारने ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा आसपासचे म्हातारेही हसले: "मग तुझा एक आणि माझे मिळून अर्धा. दीड कान पुष्कळ झाला."

दुसऱ्या भागात मेधा तीनचारदा वा म्हणाली, जिथे खरंच आला तिथेच. शेवटच्या वेळी मागच्या रांगेतले एक आजोबाही, आपल्या घोगऱ्या आवाजात, "वा" म्हणाले. बाहेर पडताना समोर डोंगरावरचा बर्फ गुलाबी झाला होता. ब्रीद मेधाच्या डाव्या बाजूने चालत होती, कारण त्या बाजूने गाड्या येत होत्या.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मेधा पबमध्ये गेली. खिडकीखालचं टेबल हलवून पबवाल्याने खरोखरच एक कोपरा काढला होता. टॉमने त्याला काय सांगितलं कोण जाणे. मेधाला पूर्वीसारखं ऐकू येत नव्हतं, पुढेही कधी आलं नाही. काही धुनी निसटायच्या, गर्दीच्या दिवशी गप्पा तर पार निसटायच्या. पण फिडल सापडायची. आणि पूर्वी ती नुसती सरबत घेऊन गप्प बसायची, ती आता बोलायला लागली. टॉमने एखादं वळण नेमकं घेतलं की खिडकीखालून वा यायचा. बासरीवाला सुरुवातीला दचकायचा. मग त्यालाही आपल्याला मिळाला नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

२००७च्या फेब्रुवारीत, सूर्य जरा दिसायला लागल्यावर, मेधाने त्या सगळ्यांना दुपारी घरी जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी नंदकुमार डब्लिनजवळच्या बंदरावरून बांगडे घेऊन आला. मेधाने आलंलसूण, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून ते मुरवत ठेवले, भात, सोलकढी, बटाट्याची भाजी केली. पंधरा वर्षांचा अद्वय ताटं काढत होता. प्रेसमधली चांगली काचेची काढ, असं मेधा त्याला म्हणाली आणि कपाटाला आपणही आता प्रेस म्हणायला लागलोय, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

सगळे जमल्यावर मेधाला दोन शब्द बोलायचे होते. तिने ते मनात जुळवूनही ठेवले होते. ब्रीदने भिंती शोधल्या त्याबद्दल, टॉम अंडी घेऊन आला त्याबद्दल, नोराने नाचायला ओढलं त्याबद्दल. ती उभी राहिली, सगळ्यांकडे पाहिलं, आणि ब्रीदच्या नावापाशीच ती अडकली. झारा हातात तसाच राहिला. तेव्हा नंदकुमार उठला. त्याला भाषणाची सवय नव्हती. चष्मा काढून, पुसून, परत लावून तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला, "माझी बायको रविवारी बारमध्ये जाते, हे मी माझ्या सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. पण या उन्हाळ्यात त्या इथे येणार आहेत, आणि मी स्वतः त्यांना पबमध्ये घेऊन येणार आहे. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांना कळायला हवं. थँक यू."

टॉम म्हणाला की म्हातारीसाठी शेकोटीजवळची जागा ठेवू. मग त्याने बांगड्याकडे पाहून हा कसा खायचा असं विचारलं, आणि मेधा डोळे पुसत त्याच्याशेजारी बसून, काटा कुठून धरायचा आणि मांस कसं सोडवायचं, ते त्याला दाखवायला लागली.